आतल्या बाजूची मूठ

मी दाराची मूठ बोलतेय. पितळेची आहे, टोकाला जराशी वाकलेली. तुम्ही रोज माझ्यासारख्या कितीतरी मुठी दाबता आणि एकीकडेही बघत नाही. त्यात तुमची चूक नाही. दार उघडत असलं की मुठीकडे कोण बघतं? जिथे दार उघडत नाही, तिथेच माणसं मुठीची जागा बघत उभी राहतात. अशा एका दाराशी माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून बोलायचं धाडस करतेय.

माझा जन्म डोंगरातल्या एका ओतशाळेत झाला. आम्ही मुठी नेहमी जुळ्या जन्मतो. एक दाराच्या बाहेरची, एक आतली, आणि दोघींना जोडणारी एक चौकोनी सळई. एकीला दाबलं की दुसरीही वाकते. जन्मभर एकमेकींचं तोंड दिसत नाही, पण हात धरलेला असतो. मलाही असंच आयुष्य मिळणार असं वाटत होतं.

आम्हाला विकत घेतलं ते एका इस्पितळाने. इटलीतल्या पो नदीच्या बांधालगत, बिटाच्या शेतांमध्ये, उंच भिंतीच्या आत ते होतं. आसपासच्या गावांतली माणसं त्याचं नाव घेत नसत. ‘ती बांधाकडे गेली’ एवढंच म्हणत. पोरं ऐकेनाशी झाली की आया म्हणायच्या, ‘गप्प बस, नाहीतर बांधाकडे पाठवीन.’

बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी सुताराने आमची सळई करवतीने मधोमध कापली. अर्ध्या सळईसकट माझी बहीण बाहेरून दारात बसली. उरलेली अर्धी माझ्या अंगाला ठोकली आणि मला एका नर्सच्या हातात दिलं. दाराच्या आतल्या बाजूला नुसतं चौकोनी भोक राहिलं. बाहेरून कुणीही आत यावं, पण आतून बाहेर जायचं तर नर्सने खिशातून मूठ काढायची, भोकात घालायची, दार उघडायचं आणि मूठ पुन्हा खिशात टाकायची. त्या इस्पितळाची रीतच तशी होती. प्रत्येक नर्सच्या खिशात एकेक मूठ असायची.

माझ्या नर्सचं नाव दिर्चे. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या एप्रनच्या खिशात माझ्या सोबतीला एक जपमाळ, एक रुमाल आणि बडीशेपेच्या गोळ्या असत. ड्यूटी संपली की ती मला खिशातच ठेवून सायकलवरून बांधाने घरी जायची. तिचा नवरा एल्मो मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बघून रोज तेच म्हणायचा,

“आणलंस का आजही इस्पितळ घरी?”

“मूठ आहे ही, इस्पितळ नाही.”

“मग हिला काटे-चमच्यांत ठेव. जेवताना मला हिच्याकडे बघवत नाही.”

दिर्चे वाईट नव्हती. बायकांचे केस विंचरताना ती गुंते हळू सोडवायची. पण दार उघडं ठेवायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं, आणि शिकवलेलं ती मन लावून करायची.

एर्सिलिया आली तेव्हा पानगळ चालू होती. तिला दिराने गाडीतून आणलं होतं. ती मासे खारवणाऱ्याची बायको, तरुण, दंडावर पिठाचे डाग तसेच. दीर दिर्चेला दारातच सांगत होता, “उन्हाळाभर झोपली नाही हो ही. बाळंतपण झालं आणि हिला जणू पंख फुटले. गावभर गात फिरली. कणीक मळत बसली, पलंगावरसुद्धा कणीक! माझ्या भावाची सायकल वाटेवरच्या माणसाला देऊन टाकली, वर कोंबड्या दिल्या. आणि आता बघा. भिंतीकडे तोंड करून पडलीय. मुलीचं नाव घेतलं तरी वळत नाही.”

तेव्हा या आजाराला नीट नाव कुणी सांगत नसे. ‘वेड’ हा एकच शब्द सगळ्यांच्या अंगावर घालत, एकाच मापाच्या करड्या झग्यासारखा. वॉर्डात आर्तेमिया होती, तिला कानात आवाज ऐकू यायचे. एकजण हात धूत राहायची, कातडी सोलवटेपर्यंत. एकीला नुसतंच फार दुःख होतं. चौघींना आजार चार, पण झगा तोच आणि बाक तोच. आरसा नाही. सुरी नाही, काटा नाही. जेवायला फक्त चमचा. मांसाचा तुकडासुद्धा चमच्याने तोडायचा.

एर्सिलियाला विजेचे झटके दिले. तेव्हा भूल देत नसत आणि विचारतही नसत. पुढे आमच्याकडे आलेल्या डॉक्टर ओर्सात्तींकडून मी ऐकलं, की काही आजारांत हाच उपचार भूल देऊन, माणसाला विचारून करतात आणि त्याने गुण येतो. असेल. पण त्या दिवसांत दिर्चे मला भोकात घालून ते दार उघडायची आणि एर्सिलिया माझ्याकडे बघून थरथरायची. बाहेर जाण्याची वाट एरवी सगळ्यांना हवी असते. तिला ती नको असायची, कारण ती वाट झटक्यांच्या खोलीकडे जायची.

काही महिने ती गायची, धावायची, सगळ्यांना कवटाळायची. मग काही महिने भिंतीकडे तोंड. गाणं सुरू झालं की बांधून ठेवत, गाणं थांबलं की सोडून देत. आपली मुलगी कशी आहे, एवढंच ती मधल्या चांगल्या दिवसांत विचारायची. मुलगी नेरिना. तिला आत्याने वाढवलं होतं. एर्सिलियाचा नवरा लवकरच गेला.

एकदा आत्या त्या मुलीला भेटायला घेऊन आली. नेरिना तेव्हा शाळेत जायला लागली होती, केसांना पांढरी फीत. आत आली, दार मागे बंद झालं. नेमकी दिर्चे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी सावरत होती. पोरीने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून. पोर घाबरून दाराकडे पळाली, आणि दाराला मूठ नाही! तिने भोकात बोट घातलं, दार बडवलं, किंचाळली. दिर्चे धावत येईपर्यंत पोरीचा आवाज बसला होता. मी भोकात गेले, दार उघडलं, आणि ती अशी पळाली की फीत वॉर्डातच पडली. पुन्हा आली नाही. ती फीत एर्सिलियाने उचलून मनगटाला बांधली. पुढे तिचे धागे झाले, तरी तिने सोडली नाही.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग डॉक्टर ओर्सात्ती आले.

तरुण होते, दाढी वाढलेली, पांढरा कोट घालत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झगे बंद केले आणि बायकांचे स्वतःचे कपडे मागवले. भिंतीवर आरसा लावला. त्या दिवशी आर्तेमिया आरशापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ही म्हातारी कोण? हिला आत कुणी घेतलं?” सगळा वॉर्ड हसला. मग ती स्वतःच हळू आवाजात म्हणाली, “माझी आईच आली की काय.”

रोज सकाळी सगळे गोल बसायचे. नर्सेस, रुग्ण, डॉक्टर, मध्ये कॉफीचं भांडं. कुणीही काहीही बोलावं. सुरुवातीला फक्त आर्तेमियाच बोलायची. औषधाने तिचे आवाज कमी झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, “पूर्ण गेले का?”

“गेले कुठे? आहेत. पण आधी उशीवर बसून बोलायचे, आता शेजारच्या घरात भांडल्यासारखे वाटतात. मी खिडकी लावून घेते.”

“छान. ते काय म्हणतात ते मला सांगत जा.”

“तुमच्याबद्दल बोलतात ते नाही सांगणार.”

एर्सिलियाशी डॉक्टर बोलायचे ते कमी, ऐकायचे जास्त. मग एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “एर्सिलियाच्या आजारात मन एकदा उधाणतं आणि एकदा आटतं. हा तिच्या स्वभावाचा दोष नाही, पाप नाही, कुणी केलेली करणी तर नाहीच. यावर एक औषध आहे, लिथियम. एका जातीचं मीठच म्हणा. ते रोज घ्यायचं आणि रक्त तपासत राहायचं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष.”

“मिठाचं तसंच असतं, डॉक्टर,” आर्तेमिया म्हणाली. “माझ्या सासूला मरेपर्यंत कळलं नाही.”

औषध सुरू झालं. एर्सिलियाला तहान फार लागायची, हात बारीक कापायचे. ती कुरकुरायची, “आता मला गाणंच सुचत नाही. तुम्ही माझी गाणी नेलीत.” डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. मात्रा बघितली, थोडी कमी केली, पुन्हा रक्त तपासलं. ती म्हणते ते खरं धरायचं, हे मी त्या वॉर्डात पहिल्यांदा पाहिलं. हळूहळू तिचे दिवस एकसारखे होऊ लागले. ना उधाण, ना कोरड. हिवाळा आला तरी ती भिंतीकडे वळली नाही. पण दुपारी सगळ्या अंगणात गेल्या तरी ती दाराजवळच्या बाकावरच बसून राहायची. चल म्हटलं तर म्हणायची, “कुठे?”

मग डॉक्टर आणि दिर्चे नेरिनाकडे गेले. मी खिशात होतेच.

नेरिना आता साखर कारखान्यात कामाला होती, लग्न झालेलं, पोटुशी. तिच्या स्वयंपाकघरात पोलेंताचा, मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीचा, वास होता. तिने दोघांना बसा म्हटलं, पण स्वतः बसली नाही.

“आईला बरं वाटतंय, तिला तुम्हाला भेटायचंय,” डॉक्टर म्हणाले.

“मला आधी एक सांगा,” नेरिना म्हणाली. “माझ्यामुळेच वेडी झाली ना ती? मी झाले आणि तिचं डोकं फिरलं. आत्या मला लहानपणापासून सांगते.”

“आत्याला म्हणावं, डॉक्टर मी आहे.” ते जरा रागावलेले वाटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हा आजार आधीपासून अंगात दबा धरून असू शकतो. बाळंतपणात शरीर ढवळून निघतं, झोप मोडते, तेव्हा तो वर येतो. बाळाचा त्यात काय दोष?”

नेरिनाने पोटावर हात ठेवला. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. “मग मलाही होणार? हे बाळ झालं की मलाही तसंच बांधणार?”

दिर्चेचा हात खिशात आला आणि तिने मला घट्ट धरलं.

“होईलच असं नाही,” डॉक्टर म्हणाले. “होणारच नाही असंही मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? घराण्यात असलं की धोका थोडा वाढतो. पण मला सांगा, नदीला पूर येतो म्हणून तुम्ही गाव सोडलंत का?”

“कसं सोडणार?”

“मग काय करता?”

“बांधावर माणसं बसतात. पाणी किती चढलं ते खांबावर बघतात.”

“तेवढंच करायचं. या आजारात खांब म्हणजे झोप. बाळंतपणानंतर झोप उडाली आणि तरी ताजंतवानं वाटायला लागलं, की पाणी चढतंय असं समजायचं आणि लगेच आमच्याकडे यायचं. आधी आलात तर बांध फुटत नाही. आणि बांधणार तर कुणीच नाही, माझा शब्द.”

नेरिना आता बसली. तिने भांड्यातला पोलेंता फळीवर पालथा केला, दोऱ्याने कापला, दोघांना वाढला. मग म्हणाली, “मी त्या वॉर्डात पाय ठेवणार नाही. त्या दारामागे मी पुन्हा जाणार नाही. पण नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी तुमच्या फाटकाशी येते. तिला येऊ दे बाहेर. स्वतः येऊ दे. सणासाठी कणकेत भोपळ्याचं सारण भरून कापेल्लाच्ची करायच्यात, आत्याचं सारण नेहमी पातळ होतं. ती आली नाही, तर मी समजेन तिला मी नकोय. मग पुन्हा येणार नाही.”

परतताना दिर्चे सायकल हातात धरून चालत होती. “एवढी वर्षं ती स्वतःहून उंबरठ्याबाहेर गेलेली नाही, डॉक्टर. मी दार उघडून उभी राहते, तरी जात नाही.”

“तू दार उघडतेस म्हणूनच असेल,” डॉक्टर म्हणाले. “आता मूठ तिथेच राहू दे.”

नेरिना येणार त्याच्या आदल्या सकाळच्या बैठकीत डॉक्टरांनी सगळ्या नर्सेसच्या मुठी एका टोपलीत गोळा केल्या, बाकीच्या दारांसाठी. आमच्या दाराला मी. सुतार नाताळनंतर येऊन नवी सळई आणि स्क्रू घालणार होता, तोवर मला नुसतं भोकात सरकवून ठेवायचं होतं. दिर्चेने मला पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं आणि आत घातलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आर्तेमियाने दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. “आत येऊ का?” तिने आतूनच विचारलं आणि स्वतःच म्हणाली, “या की, घर तुमचंच आहे.”

एर्सिलिया मात्र लांबून बघत होती.

मी दिवसभर दारात होते. मला काय वाटत होतं म्हणून सांगू! दाराच्या जाडीपलीकडे माझी बहीण होती. एवढ्या जवळ आम्ही ओतशाळेनंतर पहिल्यांदाच आलो होतो.

संध्याकाळी दिर्चेची ड्यूटी संपली. तिने शाल घेतली, बायकांना शुभेच्छा दिल्या, मला दाबलं, दार उघडलं, आणि तिच्या हाताने रोजच्यासारखं मला ओढून काढलं आणि खिशात टाकलं. तिला कळलंसुद्धा नाही. तिचं मन सणाच्या स्वयंपाकात होतं. हाताला मात्र एकच काम येत होतं आणि ते त्याने केलं. मी ओरडू शकत नाही. जपमाळेला खडखडून सांगितलं, पण तिनेही ऐकलं नाही.

सकाळी दिर्चेने नाक पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर मी फरशीवर पडले. ठण्णकन आवाज झाला.

एल्मो कॉफी पीत होता. “आणलंस का आजही इस्पितळ—”

“देवा! एल्मो, मी मूठ आणली! तिच्या दाराची मूठ मी घरी आणली!”

तिने शालसुद्धा घेतली नाही. बांधावर धुकं इतकं होतं की सायकलचं पुढचं चाक दिसत नव्हतं. ती मला हँडलवर मुठीत दाबून धरून पॅडल मारत होती आणि बोलत होती. मेरीमातेशी बोलत होती, मध्येच स्वतःला शिव्या घालत होती. “ती उठली असेल. कपडे करून दाराशी आली असेल. आज पहिल्यांदाच स्वतःहून आली असेल, आणि भोक! पुन्हा भोक! आता ती जन्मात उठायची नाही. आणि ती पोरगी फाटकाशी उभी राहून परत जाईल.” तिचे अश्रू माझ्यावर पडत होते. मलाही तसंच वाटत होतं. माझ्यावाचून दार उघडत नाही, हे मी जन्मभर पाहत आले होते.

फाटकापाशी चिनाराचं मोठं झाड आहे. धुक्यात त्याच्याखाली दोन आकृत्या दिसल्या. दिर्चेने ब्रेक दाबला आणि ती सायकलसकट आडवी झाली.

एका बाजूला नेरिना होती, कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती. दुसऱ्या बाजूला एर्सिलिया, स्वतःचा निळा पोशाख, त्यावर दिर्चेचाच जुना स्वेटर, मनगटावर त्या फितीचे धागे. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. दिर्चे पडली तेव्हा दोघी एकदमच तिला उचलायला धावल्या.

“एर्सिलिया, मूठ माझ्याकडे राहिली गं! मी नेली! मला माफ कर!”

“माहीत आहे,” एर्सिलिया म्हणाली. “तू रोजच नेतेस. गुडघा दाखव, रक्त येतंय.”

“पण मग दार कुणी उघडलं? रात्रीची नर्स कुठे होती?”

“ती टोपलीतली एक मूठ घेऊन दूध आणायला गेलीय. मीच उघडलं.” तिने स्वेटरच्या खिशातून जेवणाचा चमचा काढला. त्याचं मागचं टोक वाकवून सपाट केलेलं होतं. “हे त्या भोकात बसतं. जरा वर उचलून फिरवायचं.”

दिर्चे फाटकाच्या दगडावर बसलीच. “हे तुला आज सुचलं?”

“छे. पहिल्याच हिवाळ्यात. आर्तेमियाने दाखवलं. सगळ्यांनाच येतं.”

“सगळ्यांना? आणि एकही गेली नाही?”

एर्सिलियाने चमच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. “जायचं कुठे, दिर्चे? बाहेर कुणी उभंच नव्हतं.”

नेरिना हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला आणि मग ती रडायला लागली. एर्सिलियाने हात पुढे केला, मध्येच थांबवला. तिचा हात बारीक कापत होता.

“हे औषधाने होतं,” ती घाईने म्हणाली. “घाबरू नकोस. माझं तसं काही नाही.”

नेरिनाने तो हात धरला आणि कोटाच्या आत, पोटावर नेऊन ठेवला. “मी नाही घाबरत. हा लाथा मारतोय बघ. आई, भोपळा उकडायचा की भाजायचा?”

“भाजायचा. उकडला म्हणूनच पातळ होतं. तुझ्या आत्याला सांगितलं होतं मी.”

दोघी धुक्यात बांधाने चालू लागल्या. मी दिर्चेच्या हातात होते. त्या दिवशी मला कळलं, की इतकी वर्षं मला वाटत होतं तेवढी मी मोठी नव्हते. कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. उलट हलकं वाटलं.

ईस्टरपूर्वीचे उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधी डॉक्टरांनी गावातच एक केंद्र उघडलं, जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. कुणीही यावं, बोलावं, औषध घ्यावं, घरी जावं. दिर्चेची बदली तिथे झाली. तिने हट्टाने आम्हा दोघी बहिणींना बरोबर आणलं. सुताराने एक अखंड सळई घातली आणि दोन्हीकडून स्क्रू आवळले. मी आत, बहीण बाहेर. एकीला दाबलं की आम्ही दोघी एकदम वाकतो.

मार्चमध्ये नेरिनाला मुलगा झाला. एर्सिलिया तिच्याकडे राहायला गेली. आत्या दारात उभी राहून म्हणाली होती म्हणे, “वेडीच्या हातात बाळ देणार?” नेरिनाने उत्तर दिलं, “तिच्या आजाराला औषध आहे, आत्या. तुमच्या जिभेला नाही.”

आणि मग एका सकाळी दार उघडलं. एर्सिलिया होती, कडेवर बाळ. मागे नेरिना. नेरिनाचे डोळे चमकत होते, ती भराभरा बोलत होती, की तिने पहाटेपासून सगळे पडदे धुतले, भिंती पुसल्या, आता छपराला रंग द्यायचाय, झोप कशाला हवी, कधी नव्हे इतकं छान वाटतंय.

एर्सिलिया दिर्चेला एवढंच म्हणाली, “पाणी चढतंय.”

ती शांत उभी होती, पण तिच्या ओठांना रंग नव्हता. तिला पुढचा सगळा रस्ता माहीत होता. त्याच्या टोकाशी कुठलं दार असतं तेही.

डॉक्टर आतल्या खोलीतून आले. “नेरिना, चांगलं केलंत आलात ते. इथे पलंग आहे. काही दिवस राहा, औषधाने झोप येईल. औषध अंगावरच्या दुधात उतरतं, म्हणून बाळाला बाटलीचं दूध द्यावं लागेल.”

नेरिनाचं हसू एकदम उतरलं. दूध द्यायचं नाही म्हटल्यावर तिचे डोळे भरले. मग तिची नजर वळली आणि दारावर गेली. क्षणभर मला ती पांढऱ्या फितीची पोर दिसली. ती थेट माझ्याकडे आली.

“हे आतून उघडतं?”

“उघडून बघ,” दिर्चे म्हणाली आणि बाजूला झाली.

एर्सिलियाने मात्र वेगळंच केलं. ती बाळाला घेऊन बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

आत नेरिना एकटी माझ्यापुढे उभी. तिच्या हाताचा साबणाचा वास आला. तिने मला दाबलं. मी वाकले, बाहेर माझी बहीण वाकली, दार उघडलं. समोरच्या बाकावर तिची आई बसली होती, मांडीवर बाळ.

“मी इथे आहे,” एर्सिलिया म्हणाली. “जेवणाची वेळ झाली तरी इथेच आहे. कंटाळलीस की उघड आणि बघ.”

नेरिनाने खूप वेळ बघितलं. मग तिने स्वतःच्या हाताने दार बंद केलं, आतून, आणि डॉक्टरांकडे वळली. “कुठला पलंग?”

ती तिथे राहिली तोवर रोज कितीदा तरी ते दार उघडून बघायची. पहिल्या दिवसांत सारखी. मग झोपू लागली तसं कमी. शेवटी शेवटी विसरायचीच. बांध फुटला नाही. ईस्टरनंतर ती घरी गेली, बाळाला घेऊन, एका हातात औषधाची पिशवी. वळणावर मायलेकी वाद घालत होत्या, बाळाला टोपी घालायची की नाही यावर.

त्या मोठ्या इस्पितळाचं दारही पुढे कायमचं उघडलं आणि तिथे आता शाळा भरते. दिर्चे म्हातारी झाली. अजून कधी इथे येते, जाताना तिचा हात सवयीने मला ओढतो, मी जागची हलत नाही, आणि ती स्वतःलाच हसते. एर्सिलिया रक्त तपासायला येते. हात कापतोच. गाणी थोडी परत आलीत, रांगेत बसून गुणगुणते.

माझं पितळ आता झिजलंय. जिथे हात लागतात तिथे मी सोन्यासारखी चमकते. घाबरलेले, घामेजलेले, साबणाने सोललेले, कापणारे, असे किती हात आले आणि गेले. प्रत्येकाचा आजार वेगळा होता, पण दारापुढे आल्यावर थबकण्याची रीत सगळ्यांची सारखीच.

तुमच्या घरात कुणी असं थबकलं असेल, तर त्याला ढकलू नका, ओढू नका. दार आतून उघडतं, एवढं त्याला दाखवा. आणि मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. तो उघडून बघेल, तेव्हा तुम्ही तिथे असा.